टक्के सांगत नाहीत ते हजेरीपट सांगतो





संगणक कक्षासाठी यंदा काय घ्यावे, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. दरवर्षी पैसे भरून वापरावयाचे एक तयार पॅकेज घ्यावे, अशी सूचना आली आहे. त्यात गुणपत्रके, हजेरीचे टक्के आणि रंगीत आलेख एका बटनावर मिळतात. सूचना शाळेच्या भल्यासाठीच आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरीही आमचे मत वेगळे आहे आणि ते सर्वांसमोर मांडणे आम्हांला योग्य वाटते. आमचे म्हणणे असे की, हा पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा, आणि नववीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक तासिका 'आर' नावाची संख्याशास्त्राची संगणक भाषा शिकवावी. ही भाषा विनामूल्य मिळते. तिच्यात एकामागून एक घडत गेलेल्या गोष्टींची माहिती जशीच्या तशी, क्रम न मोडता, चित्रात पाहण्याची साधने आहेत. ही साधने आपल्या मुलांच्या हाती यावीत असे आम्हांला का वाटते, ते सविस्तर सांगतो.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका महिन्यात शाळा चार आठवडे, म्हणजे चोवीस दिवस भरली. हजर असेल त्या दिवशी 'ह' आणि गैरहजर असेल त्या दिवशी 'ग' असे लिहायचे. वर्गातील तीन मुलांच्या ओळी पुढीलप्रमाणे आहेत असे समजू.

पहिला: गहहहहह गहहहहह गहहहहह गहहहहह
दुसरा: हहगहहह हहहहगह हगहहहह हहहहहग
तिसरा: हहहहहह हहहहहह हहहहहह हहगगगग

तिघेही चोवीसपैकी वीस दिवस हजर आहेत. तिघांचीही हजेरी ८३ टक्के. तयार पॅकेज तिघांपुढे ८३ हाच आकडा छापील आणि तिघांचेही स्तंभ सारख्याच उंचीचे काढील. आता पुन्हा ओळी पाहा. पहिला मुलगा दर सोमवारी येत नाही. कदाचित घरची मंडळी रविवारी नांदेड-परभणीकडे गावी जात असतील आणि सोमवारच्या गाडीने काचीगुड्याला उतरत असतील. दुसऱ्याचे दिवस विखुरलेले आहेत. कधी सर्दी, कधी पाहुणे. तिसरा मुलगा मात्र वीस दिवस एकही खाडा न करता आला आणि नंतर एकाएकी यायचा थांबला. त्या घरी आज संध्याकाळीच कोणीतरी जाऊन विचारपूस केली पाहिजे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला टक्के हाती येतील तोवर कदाचित उशीर झालेला असेल.

बेरीज केली की क्रम नाहीसा होतो, आणि अनेकदा मुख्य गोष्ट क्रमातच असते. हे मुलांना भाषेच्या तासाला कळतेच. 'कपडा' आणि 'पकडा' या शब्दांत अक्षरे तीच, पण एक अंगावर घालायचा आणि दुसरा ओरडून सांगायचा! अक्षरे मोजून अर्थ कळत नाही, ती कोणत्या क्रमाने आली हे पाहावे लागते.

क्रम वाचण्याच्या या विद्येत आपले हैदराबाद शहर मागे नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. हबसिगुड्याची सीसीएमबी ही संस्था, म्हणजे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, १९७७ साली सुरू झाली. डॉ. पुष्पमित्र भार्गव हे तिचे संस्थापक संचालक. सजीवांच्या डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब ओळ असते. ती ओळ वाचणे आणि दोन ओळींमध्ये कोठे फरक आहे ते शोधणे, हे तेथील कामांपैकी एक मोठे काम. करोना विषाणूची अशी ओळ सुमारे ३० हजार अक्षरांची आहे. २०२० च्या जूनमध्ये या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतातील नमुन्यांच्या ओळी शेजारी शेजारी मांडून त्यांत एक वेगळा गट दाखवून दिला आणि त्याला 'ए३आय' असे नाव दिले. पुढे हा गट मागे पडला आणि 'डी६१४जी' हा बदल असलेला गट सगळीकडे पसरला. या नावातील ६१४ हा आकडा म्हणजे विषाणूच्या काटेरी प्रथिनातील जागेचा क्रमांक. त्या एका जागी एक घटक जाऊन दुसरा आला, एवढाच त्याचा अर्थ. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा कामासाठी देशातील दहा प्रयोगशाळांची साखळी उभारली. तीत हैदराबादच्या दोन संस्था होत्या, सीसीएमबी आणि सीडीएफडी.

ज्यांना विषाणूची गोष्ट दूरची वाटते, त्यांनी आपल्या ताटातील वरणाकडे पाहावे. पटनचेरूची इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आपल्या शेजारी आहे. तिच्या पुढाकाराने २०११ साली तुरीच्या डीएनएचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यासाठी 'आशा' हे वाण घेतले होते. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारे हे वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. सुमारे ६० कोटी अक्षरे जुळवली गेली आणि त्यांत ४८,६८० जनुके असावीत असे शास्त्रज्ञांनी मांडले. एका पानावर दोन हजार अक्षरे छापली तर तीन लाख पाने होतील. एवढी पाने कोणी वाचून काढू शकत नाही. म्हणून ओळींची चित्रे काढण्याची साधने निर्माण झाली. त्यांचा जन्म हौसेतून झाला नाही, गरजेतून झाला.

या प्रांतात एक मराठी नाव जगभर घेतले जाते, हेही येथे आवर्जून सांगितले पाहिजे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांनी प्राचीन चांदीची आहत नाणी तराजूत घालून मोजली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. या घटीवरून कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची, हा क्रम त्यांनी संख्याशास्त्राने लावला. पुढे १९४३-४४ च्या सुमारास त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. माळेतले जवळचे मणी सहसा एकत्र राहतात आणि दूरचे मणी वेगळे होतात. किती वेळा वेगळे झाले यावरून ते किती दूर असावेत, हे सांगणारे ते सूत्र. आज 'आर' भाषेत जनुकांचे नकाशे काढण्याचे 'क्यूटीएल' नावाचे पॅकेज आहे. त्यात अंतर मोजण्याची पद्धत निवडताना जे पर्याय समोर येतात, त्यांत एकाचे नाव 'कोसंबी' आहे. आपल्या शाळेतील एखादी मुलगी उद्या हा शब्द संगणकावर टाइप करील, तेव्हा तिला तो आपल्या घरचा वाटावा, अशी आमची इच्छा आहे.

आता 'आर'विषयी थोडेसे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातले रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ती तयार केली. दोघांच्याही नावाचे पहिले अक्षर 'आर', म्हणून भाषेचे नाव 'आर'. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवलेली 'एस' ही तिची थोरली बहीण. १९९५ साली 'आर' सर्वांसाठी खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. तेव्हापासून जगभरातल्या लोकांनी तिच्यात हजारो पॅकेजांची भर घातली आणि तीही सर्वांना खुली ठेवली. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली आहे. २००१ साली याच जंटलमन यांच्या पुढाकाराने जीवशास्त्राच्या माहितीसाठी 'बायोकंडक्टर' हा प्रकल्प सुरू झाला. डीएनएच्या ओळी वाचणे, त्या एकाखाली एक जुळवणे, त्यांची चित्रे काढणे, हे सर्व त्यात आहे.

या चित्रांचा एक नमुना मुलांना फार आवडेल. १९९० साली टॉम श्नायडर आणि माइक स्टीफन्स यांनी 'सीक्वेन्स लोगो' नावाची पद्धत काढली. अनेक ओळी एकाखाली एक मांडायच्या. प्रत्येक जागी कोणते अक्षर किती वेळा आले ते पाहायचे. सर्व ओळींचे एकमत असेल तेथे अक्षर उंच काढायचे आणि मतभेद असेल तेथे ठेंगणे. आपल्या हजेरीपटावर हाच प्रयोग केला तर काय दिसेल? सारा वर्ग हजर असेल त्या दिवशी उंच 'ह' उभा राहील. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आला आणि अर्धा झोपून राहिला, तर तेथे दोन्ही अक्षरे मिळून जवळजवळ सपाट होतील. 'आर'मध्ये असे लोगो काढणारे 'जीजीसेकलोगो' हे पॅकेज २०१७ पासून उपलब्ध आहे.

येथे कोणी विचारील की, डीएनएची साधने शाळेच्या रजिस्टरला कशी लागू पडतील? याचे उत्तर या साधनांच्या इतिहासातच आहे. १९७० साली नीडलमन आणि वुन्श या दोघांनी प्रथिनांच्या दोन ओळी जुळवून पाहण्याची रीत दिली. एका ओळीची दुसरी ओळ करण्यासाठी किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, हा या साऱ्या रीतींचा गाभा. 'बदक'चे 'बदल' करायला एक अक्षर बदलावे लागते, आणि 'बदल'चे 'दल' करायला एक अक्षर काढावे लागते. म्हणजे 'बदक' आणि 'दल' यांत दोन पावलांचे अंतर. १९८६ साली अँड्र्यू अ‍ॅबट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह ही रीत माणसांच्या इतिहासाकडे वळवली. माणसाचे आयुष्यही एक ओळच आहे, नाही का? शिक्षण, नोकरी, लग्न, बेकारी, पुन्हा नोकरी, एकामागून एक येणाऱ्या अवस्थांची ओळ.

पुढे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठात गिल्बर्ट रित्शार यांच्या गटाने यासाठीच 'आर'मध्ये 'ट्रामाइनआर' हे पॅकेज तयार केले आणि २०११ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्यासोबत सरावासाठी जी माहिती मिळते, ती आम्हां शाळावाल्यांच्या अगदी जिव्हाळ्याची आहे. उत्तर आयर्लंडमधील ७१२ मुलामुलींनी १९९३ साली सक्तीचे शिक्षण संपवले. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे, दर महिन्याला, प्रत्येकजण काय करत होता याची ती नोंद आहे. शाळा, पुढील शिक्षण, उच्च शिक्षण, प्रशिक्षण, नोकरी किंवा बेकारी अशा सहा अवस्था आणि प्रत्येकीला एक रंग. एका मुलाची एक आडवी रंगीत रेघ. अशा रेघा एकावर एक रचल्या की चित्र तयार होते. कोण सरळ नोकरीला लागला, कोण प्रशिक्षणातून नोकरीत गेला, कोण मधेच बेकारीत अडकला, हे शब्दांवाचून दिसते. त्याच माहितीतून दुसऱ्या प्रकारचे चित्र काढले तर दर महिन्याला कोणत्या अवस्थेत किती टक्के मुले होती ते दिसते. तिसऱ्या प्रकारात सर्वांत जास्त वेळा आढळलेल्या वाटा वर येतात. माहिती एकच, पण प्रश्न बदलला की चित्र बदलते. मुलांनी शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

रीत निवडतानाही विचार करावा लागतो, आणि तो विचार यंत्र करून देत नाही. हजेरीच्या ओळी जुळवताना अक्षर घालणे-काढणे चालणार नाही, कारण त्यामुळे सोमवार सरकून मंगळवारावर जाईल. तेथे सोमवारची तुलना सोमवारशीच हवी. १९५० साली रिचर्ड हॅमिंग यांनी मांडलेली जागेला जागा ताडून पाहण्याची साधी रीतच तेथे योग्य. उलट दोन मुली दहावीनंतर एकाच वाटेने गेल्या, पण एक वर्षभर उशिरा गेली, तर त्या दोघींच्या ओळी जवळच्या मानायला हव्यात. तेथे घालणे-काढणे चालते. विकतच्या पॅकेजमध्ये ही निवड कोणी दुसऱ्यानेच आधी करून ठेवलेली असते आणि ती काय होती हे आपल्याला कळतही नाही. 'आर'मध्ये ती आपण स्वतः करतो, आणि कोणीही ती तपासू शकतो. विकत घेण्यापेक्षा शिकणे बरे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

भाषेविषयी एक शब्द. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'सांख्यिकी' होती आणि 'औसत' होते. मराठी शाळेत आलो तर 'संख्याशास्त्र' आणि 'सरासरी' भेटली. आमच्या वर्गांत मराठी घरची मुले आहेत, तशी तेलुगू, हिंदी आणि दखनी बोलणाऱ्या घरांचीही आहेत. पालकसभेत टक्केवारीचा तक्ता वाचून दाखवावा लागतो. रंगीत ओळ मात्र आजीलाही दाखवता येते: ही पिवळी घरे म्हणजे तुमचा नातू आला ते दिवस, ही निळी घरे म्हणजे आला नाही ते. तरीसुद्धा चित्रावरील शब्द मराठीतच असावेत असा आमचा आग्रह आहे. पूर्वी संगणकावर देवनागरी जोडाक्षरे तुटत आणि वेलांटी भलतीकडे जाई. २०२२ साली निघालेल्या 'आर'च्या ४.२ आवृत्तीपासून विंडोजवरही जगातील सर्व लिप्या नीट हाताळल्या जातात, आणि 'रॅग' नावाच्या पॅकेजने काढलेल्या चित्रात 'विद्यार्थी' हा शब्द 'विद्यार्थी' असाच उमटतो. आता सबब उरलेली नाही.

आमची योजना साधी आहे.

पहिले तीन आठवडे संगणकाला हात लावायचा नाही. चौकटीची वही आणि रंगीत पेन्सिली घ्यायच्या. प्रत्येकाने स्वतःच्या एका महिन्याची ओळ रंगवायची: किती वाजता उठलो, शाळेत पायी आलो की बसने, संध्याकाळी खेळलो की नाही. हाताने रंगवलेले चित्र डोक्यात राहते.

त्यानंतर तेच काम 'आर'मध्ये करायचे. आपल्या कक्षातील आहेत तेच संगणक त्याला पुरेसे आहेत.

सहामाहीनंतर वर्गाचा हजेरीपट घ्यायचा. चाळीस मुले आणि सुमारे २२० दिवस धरले तर ही जवळजवळ नऊ हजार अक्षरे होतात. विषाणूच्या ओळीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! त्यात मुलांची नावे नसतील, हजेरी क्रमांकही नसतील. केवळ वर्गशिक्षकांना ठाऊक असलेल्या खुणा असतील.

आता आक्षेपांकडे वळू. काही पालक विचारतील, हे परीक्षेत येणार आहे का? दहावीच्या परीक्षेत 'आर' येणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण सांख्यिकीचे प्रकरण गणितात येतेच, आणि मध्य काढताना काय हरवते हे ज्याला कळले, त्याला मध्य अधिक चांगला कळतो. आठवड्याची एकच तासिका आहे आणि ती संगणकाच्याच वेळेतून जाणार आहे. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाला धक्का लागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो ज्यांनी घेतला त्या विश्वस्तांचे आम्ही आभार मानतो. वर्ग चाळीस जणांचा. नाव नसले तरी शेवटी चार निळी घरे असलेली ओळ कोणाची, हे मुले सहज ओळखतील. कोणाचे वडील आजारी आहेत, कोणाच्या घरी कामाला जावे लागते, हे भिंतीवर टांगायचे का? मुळीच नाही. म्हणून मुलांच्या हाती चालू वर्षाचा हजेरीपट जाणार नाही. शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या जुन्या तुकडीचा, खुणा पुसलेला आणि ओळींची अदलाबदल केलेला पट त्यांना सरावासाठी मिळेल. चालू वर्षाचे चित्र फक्त वर्गशिक्षक आणि आम्ही पाहू. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने जो कायदा केला, त्यातही मुलांच्या माहितीला पालकांच्या संमतीचे कुंपण घातले आहे. कायदा नसता तरी शाळेने हीच मर्यादा पाळावी. या चित्रांवरून कोणाची फी, कोणाचे बक्षीस किंवा कोणाची तुकडी ठरणार नाही, हेही आम्ही लेखी देऊ.

तिसरा आक्षेप आमचा आम्हीच घेतो. चित्र फसवूही शकते. ओळी हजेरी क्रमांकाने लावल्या तर एक दिसते, पहिल्या खाड्याच्या तारखेने लावल्या तर दुसरेच दिसते. शेकडो ओळी छोट्या जागेत कोंबल्या तर त्या एकमेकींवर चढतात आणि नजर हवे ते पाहू लागते. लाल आणि हिरवा हे रंग शेजारी ठेवले तर काही मुलांना ते वेगळे ओळखताच येत नाहीत, म्हणून आम्ही पिवळा आणि निळा निवडला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्र फक्त विचारते, उत्तर देत नाही. सोमवारचा खाडा गावच्या गाडीमुळे आहे, की सोमवारच्या पहिल्या तासाच्या भीतीमुळे, हे संगणकाला ठाऊक नाही. ते त्या मुलाजवळ बसूनच कळेल. वर्गशिक्षकाने घरी जाऊन प्यायलेल्या एका कप चहाची जागा कोणतेही पॅकेज घेऊ शकणार नाही. पण कोणत्या घरी आधी जायचे, एवढे जरी चित्राने सांगितले, तरी शिक्षकाची संध्याकाळ वाचेल आणि एखादे मूल शाळेत टिकेल.

शिक्षकांवर कामाचा बोजा वाढेल, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच पॅकेजचा पैसा प्रशिक्षणाकडे वळवावा, असे आम्ही म्हणतो. दोन शिक्षकांना शिकण्यासाठी वेळ द्यावा आणि त्या काळात त्यांचे काही तास इतरांनी घ्यावेत. पॅकेजची मुदत दर मार्चमध्ये संपते. शिकलेले शिक्षक शाळेजवळ राहतात, आणि उद्या दुसऱ्या शाळेत गेले तरी विद्या वाया जात नाही.

शेवटी, या साऱ्यामागे जो मोठा प्रश्न आम्हांला दिसतो तो सांगून थांबतो. आपला समाज या शहरात निजामाच्या काळापासून आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण येथेच राहिलो आणि शाळा चालवत राहिलो. दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण दहावीचा निकाल अभिमानाने वाचतो. पण दहावी झालेली मुले पुढील पाच वर्षांत कोठे गेली? किती जण इंटरला गेले, किती पॉलिटेक्निकला, किती जण दुकानावर बसले? किती मुलींचे शिक्षण इंटरनंतर थांबले, आणि थांबलेल्यांपैकी किती जणी पुन्हा शिकू लागल्या? निकालाचा टक्का हे सांगत नाही. उत्तर आयर्लंडच्या ७१२ मुलांची वाट आपण जिनिव्हाच्या पॅकेजमध्ये पाहू शकतो आणि आपल्याच मुलींची वाट आपल्याला दिसत नाही, ही गोष्ट आम्हांला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना आमची विनंती आहे की, शाळेकडून येणाऱ्या एका पानाच्या फॉर्ममध्ये दहावीनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी एक शब्द लिहावा: शिक्षण, नोकरी, व्यवसाय, घर, किंवा दुसरे जे असेल ते. नाव लिहिण्याची सक्ती नाही. अशी शंभर पाने जमली, तरी नववीची मुले त्यांतून पहिले चित्र काढतील आणि विश्वस्त मंडळापुढे ठेवतील. शिष्यवृत्ती कोणत्या वर्षी द्यावी, दहावीला की इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, हे मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

विश्वस्त मंडळाने या विषयावर निर्णय घेण्यापूर्वी शिक्षक आणि पालक यांची एक एकत्र बैठक बोलवावी, ही नम्र विनंती. पॅकेजच्या बाजूने ज्यांना बोलायचे आहे त्यांनीही अवश्य यावे. त्यांचे म्हणणे ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत. आपल्या प्रतिक्रिया शाळेच्या कार्यालयात लेखी पाठवाव्यात.

आपले,
मुख्याध्यापक